राईतले सात ठिपके

३ मार्च, सोमवार

सातेरीची राई, आमच्या गावची देवराई, लाल दिसते आहे!

तापमानाच्या नव्या चित्रात. लाल म्हणजे तापलेलं. शेजारचा कातळ लाल असतो ते ठीक, कातळ तापणारच. पण राई? भर दुपारी गावातली कुत्रीसुद्धा जिथे सावलीला जाऊन पडतात, ती राई काजूच्या बागेपेक्षा साडेचार अंशांनी गरम. झाड मुळातून पाणी ओढतं, पानातून वाफ सोडतं, म्हणून गार राहतं. तापलं याचा अर्थ ओढायला पाणी नाही. इतकी साधी गोष्ट आहे ही.

यतीन शेजारच्या टेबलावरून डोकावला. "ढग असेल गं." ढग वरून गार दिसतो, गाढवा! तीन वर्षं माझ्या शेजारी बसून हेच शिकलास?

आणि माझा स्वतःचा नकाशा, ज्याच्यावर माझा अख्खा प्रबंध उभा आहे, तो त्याच राईबद्दल म्हणतो – पाण्याचा ताण नगण्य. दोन्ही खरं असू शकत नाही. कोण खोटं बोलतंय तेही मला माहीत आहे.

आज लिहीत नाही.


४ मार्च

लिहिते. कुठेतरी लिहायलाच हवं.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. आमचं गाव, आंबेरखोल. उपग्रह वरून जे बघतो ते खरं की नाही, हे तपासायला कुणीतरी खाली जाऊन पानं तोडावी लागतात. पहाटे तोडायची, तिथल्या तिथे वजन करायचं. मग भिजवून वजन, मग वाळवून वजन. पानात किती टक्के पाणी होतं ते कळतं. असं मी घाटात आणि घाटाखाली शंभरावर ठिकाणी केलं. आमच्या गावची राई मुद्दाम शेवटी ठेवली होती, हौसेने. तिथली झाडं कुणी कधीच तोडलेली नाहीत. इतकं जुनं जंगल दुसरीकडे कुठून आणणार?

राईभोवती दगडी गडगा आहे. बाबा त्या गडग्यापाशी आडवे उभे राहिले. "आत पान तोडूचां नाय, मनू. वाळलेलां पानसुद्धा आमी उचलणंव नाय."

मी सगळ्यांशी वाद घालते. रिक्षावाल्याशी, मॅडमशी, टीव्हीशी. तिथे तोंडातून शब्द फुटला नाही. पायच उचलेना! बाबांच्या धाकाने नव्हे – माझ्याच मनातल्या धाकाने. एम.एस्सी., संशोधन, सगळं काढून ठेवलेल्या चपलांसारखं बाजूला राहिलं.

मग मी गडग्याच्या बाहेरून, ओहोळाच्या काठच्या झाडांची पानं घेतली. जात तीच. टवटवीत, पोटभर पाणी प्यायलेली. आणि इथे येऊन तक्ता भरताना ते सात ठिपके शंभर मीटर आत सरकवले. राईतले नमुने हवेच होते. शंभर मीटरने काय होतंय, म्हटलं.

झालं ते असं – मी संगणकाला आतली तहानलेली झाडं दाखवली आणि सांगितलं, बघ, तृप्त झाडं अशी दिसतात. तो आज्ञाधारक, शिकला. आता कुठलीही सुकत चाललेली राई त्याला दाखवा, तो म्हणणार, मजेत आहे.


७ मार्च

महिला दिन शनिवारी येतो म्हणून संस्थेत आजच साजरा. प्रत्येकीला एक गुलाब. माझ्या गाईड उर्मिला मॅडमच्या खोलीत सांगायला म्हणून गेले, गुलाब हातात तसाच. "बोल, मनवा." मी म्हटलं, काही नाही, हॅपी विमेन्स डे!

थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.


९ मार्च, रविवार

बाबांनी माझा नकाशा लॅमिनेट करून आणला. गणेशगल्लीच्या तोंडाशी दुकान आहे तिथून. कडा गुळगुळीत, हिरवागार. आईला दाखवत होते. "ह्यां उपग्रहान काढलेलां. आणि ह्यां आमच्या मनून."

हे का, तेही लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की मला कल्पना नव्हती.

आंबेरखोलात चाळीस घरं. मार्च आला की पाणवठा आटतो आणि बायका नदीवर जातात – जाऊन येऊन तीन किलोमीटर, चढाचं. गावात नळपाणी योजना आली आहे. पाणी घ्यायचं ते राईतल्या झऱ्यातून, दुसरं जवळ काही नाही. राई देवस्थानची आणि देवस्थानचे विश्वस्त इथे लालबागेत, आमच्या ग्रामस्थ मंडळात. मंडळाने ना-हरकत पत्र दिलं की काम सुरू. बाबा मंडळाचे सरचिटणीस. गिरणी गेली, युनियन गेली, मंडळ तेवढं राहिलं. दीड वर्ष मंडळात एकच घोळ – झऱ्याचं पाणी काढलं तर राईला काही होणार तर नाही? मग कुणीतरी म्हणालं, कुशाबाची मुलगी यातलीच आहे ना?

होय, यातलीच आहे! मीच दोन पानांचं टिपण दिलं. "राईला पाण्याची कमतरता नाही." खाली सही.

सभा ६ एप्रिलला. नकाशा तिथे भिंतीवर लागणार आहे.


१२ मार्च

अक्षदावहिनीचा फोन, गावाहून. माझ्या चुलतभावाची बायको. बोलताना धापा टाकत होती. नदीवरून येत होती, दुसरी खेप. "मनूताय, नळ कधी येतलो? आमची म्हातारी म्हणता, तुज्या उपग्रहाक विचार!" स्वतःच खो खो हसली.

मी म्हटलं, सभा होऊ दे. आवाज इतका नॉर्मल निघाला की माझी मलाच भीती वाटली.


१४ मार्च

धुळवड. बाबा यंदा शिमग्याला गावी गेले नाहीत. सभेचं काम आहे म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.


१८ मार्च

मॅडमना सांगितलं. सगळं. ठिपके, शंभर मीटर, गडगा.

दारच लावून घेतलं त्यांनी. खुर्ची ओढून बसल्या. मग: "तू मला 'आत जाता आलं नाही' एवढं म्हणाली असतीस तर आपण ते सात ठिपके वगळले असते. एका ओळीत भागलं असतं." मला रडू आलं नाही, लाज वाटली. कारण खरंच एका ओळीत भागलं असतं. सांगायचं काय होतं? देवीच्या राईत पान तोडायला धजले नाही. माटुंग्याच्या वातानुकूलित खोलीत हे वाक्य मला म्हणता आलं नाही, इतकंच! ठिपके सरकवणं सोपं गेलं.

या नकाशावरचा छापून आलेला लेख मागे घ्यायचा. चौकशी समिती बसेल, दोन-तीन महिने लागतील. "तोपर्यंत बाहेर एक शब्द बोलायचा नाही. संस्थेच्या नावाने तर अजिबात नाही. कळलं?"

मी सभेचं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. "ते टिपण तू संस्थेला विचारून दिलं होतंस?"

नाही.

"मग मी ते ऐकलेलं नाही."


२३ मार्च

उपग्रह दर पाच दिवसांनी तिथून जातो. त्याला ना चौकशी समिती, ना सभा. आज पाहिलं, लाल डाग पूर्वेकडे सरकलाय, झऱ्याच्या दिशेने. अजून कुणी थेंबभर पाणी काढलेलं नाही आणि ही अवस्था. काढल्यावर?

दोन पावसाळे कमी झाले, त्याने झालं असेल. की वरच्या कातळावर चिरे काढायला सुरुवात झाली, त्याने? माहीत नाही. माहीत नाही, हेच मी दोन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.


३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. बाबांनी नकाशाला पण हळदकुंकू लावलं.

जेवताना सांगणार होते. श्रीखंड वाढलं आईने. नाही सांगितलं.


४ एप्रिल

बाबांना सांगितलं. संध्याकाळी, ते गॅलरीत सभेच्या इतिवृत्ताची वही आखत बसले होते. पट्टी ठेवून एकेक ओळ. मी उभ्याउभ्याच सांगितलं, भराभर, कुठे थांबले तर पुढे बोलता येणार नाही म्हणून.

त्यांनी उरलेल्या ओळी आखल्या. पान पूर्ण केलं! मग विचारलं, "म्हणजे आत पानां तोडली असतंस तर कळला असता?"

हो.

"आणि मी तुका सोडूक नाय."

बाबा, तसं नाही, खोटं मी लिहिलं –

"तसांच असा." वही मिटली. आतून लॅमिनेट केलेला नकाशा आणला, पिशवीत घातला. मला वाटलं टाकून देतायत. नाही. "परवा मी हो सभेत लावतलंय. तू काय करतलंस तां तुजां तू बघ."

म्हणजे काय? मला गप्प बसायला सांगितलं, की बोलायला? सारखा तोच विचार. विचारायची हिंमत नाही.


५ एप्रिल

उद्या सभा.

न गेले तर? ताप आला म्हणून? पत्र निघेल, नळ येईल, अक्षदावहिनीच्या खेपा संपतील, बाबांचा सत्कार होईल. राई सुकायला पाच-सात वर्षं. दोष पावसावर. कुणाला कळणारसुद्धा नाही.

मला कळेल. दर पाच दिवसांनी.


६ एप्रिल, रविवार

घरी आल्या आल्या लिहिते.

गावकीच्या खोलीत सभा. पूर्वी गिरणीतले आमच्या गावचे वीस-वीस गडी या खोलीत आळीपाळीने झोपायचे. आता लोखंडी खुर्च्या आणि सातेरीचा फोटो. पस्तीसेक माणसं. मी दाराशी. आधी सातेरीला गाऱ्हाणं घातलं, सगळे मोठ्याने "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं.

अध्यक्ष हितेंद्रकाका उभे राहिले. "तर मंडळी, आज ऐतिहासिक दिवस आहे. आपल्या गावच्या मुलीने थेट आकाशातून तपासून दिलंय, राई सेफ आहे. कुशाबा, वाचून दाखव, आणि सह्या करून टाकू."

बाबांनी नकाशा भिंतीला लावला. माझं टिपण हातात घेतलं. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. मग थांबले आणि पस्तीस माणसांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघितलं. "मनवा, ह्यां खरां काय?"

मनवा म्हणाले. मनू नाही.

मी उठले. खुर्ची पडली मागे. म्हटलं, नाही, खरं नाही. आतली पानं मी तोडलीच नव्हती. बाहेरची तोडली आणि आतली म्हणून लिहिली. राई सुकते आहे, झऱ्याचं पाणी काढलं तर ती जगेल असं मी सांगू शकत नाही.

खालून बँजोवाल्यांची प्रॅक्टिस ऐकू येत होती.

मग एकदम सगळे. "इतके महिने आपण खोट्या कागदावर नाचत होतो?" "शिकलेली पोर, आणि ही अक्कल!" हितेंद्रकाका तर लालबुंद. "अगं, तुझ्या पेपरचा विषय नाहीये हा. चाळीस घरांचं पाणी आहे! आता मी गावात काय तोंड दाखवू?" कुणीतरी मागून म्हणालं, "सातेरीशी खोटा बोलली." ते लागलं. बाकीचं काही नाही, ते लागलं.

बाबांनी हात वर केला. "पान तोडू नको म्हणान मी सांगलंय. चूक माजी पण असा. सरचिटणीस म्हणान लिवन घेतंय." आणि खरंच वहीत लिहिलं, स्वतःच्या हाताने, आखलेल्या ओळीवर.

तासभर भांडून ठरलं ते असं – गावी जाऊन सातेरीला कौल लावायचा. आतली पानं तोडायला देवीची परवानगी आहे का? असेल तर मी पानं तोडायची आणि खरं काय ते सांगायचं. निर्णय २७ तारखेला. पत्र तोवर अडवलं.


७ एप्रिल

बाबा बोलत नाहीत. आई आमच्या दोघांच्या मधून ताटं फिरवते.


११ एप्रिल

संस्थेचं ईमेल. चौकशी पूर्ण होईपर्यंत फेलोशिप स्थगित. मी "बाहेर बोलले" हेही कळलंय त्यांना. उर्मिला मॅडमचा वेगळा एकच ओळीचा मेसेज: "जे केलंस ते दोन्ही वेळा मला न विचारता केलंस." बरोबर आहे.


१८ एप्रिल

परत आले आज सकाळी. आधी हे लिहिते, मग आंघोळ.

परवा कौल लावला. गुरवाने देवीच्या पाषाणाला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार. बाबा हात जोडून समोर, मी मागे. मला खरं तर काय वाटायला हवं होतं? मी पानांची टक्केवारी काढणारी बाई. तरी मीही हात जोडले. मिनिटं गेली. उजवी पडली.

काल पहाटे आत गेलो, अनवाणी. पहिली फांदी बाबांनीच वाकवून धरली. तोंडाने पुटपुटत होते, बहुतेक माफी मागत होते. मी कात्री लावली. बाबांचे डोळे मिटलेले. सात ठिकाणं, या वेळी खरी सात. लहान काटा मी चिऱ्यावर ठेवायचे, बाबा वाऱ्याला आडोसा म्हणून धोतराचा सोगा धरून उभे. काम चोख. गिरणीत असेच असणार.

पायाखाली ढीगभर पानं – हिरवी असतानाच गळलेली. वर बघितलं तर फटींतून आकाश. लहानपणी तिथून आकाश दिसायचं नाही.

बाहेर येऊन तुलनेसाठी ओहोळाकाठची पानंही घेतली, वळले तर गडग्यापाशी अक्षदावहिनी. कमरेवर हंडा, डोक्यावर हंडा. नदीवरून तिसरी खेप होती म्हणाली. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. "घेतलंस पानां?" हो म्हटलं. अजून काहीतरी बोलेल असं वाटलं. पण हंडा सावरून चढ चढून गेली.


२१ एप्रिल

यतीनने त्याच्या नावाने भट्टी मिळवून दिली, पानं वाळवायला. मी आता संस्थेत पाहुणी! निकाल:

गडग्याबाहेर शहाऐंशी टक्के. आत अठ्ठावन्न.

अठ्ठावन्न. यतीननेही बघितलं आणि या वेळी ढगाचं नाव काढलं नाही.


२७ एप्रिल, रविवार

सभा झाली. मी आकडे सांगितले. कुठे, कधी, कोणासमोर तोडली ते सांगितलं. बाबांनी साक्ष दिली. मतदान – राईच्या बाजूने एकतीस, विरुद्ध चार. पत्र देणार नाही, झऱ्याला हात नाही! नदीवरून योजना करायचा नवीन प्रस्ताव पाठवायचा. "दोन-तीन वर्षं लागतील, पण होईल," हितेंद्रकाका म्हणाले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

एक म्हातारे गृहस्थ येऊन म्हणाले, "चेडवा, चुकलंस, पण सुधारलंस." टाळ्यासुद्धा झाल्या. मला वाटलं नव्हतं.

घरी येताना बाबांनी भारतमाता टॉकीजच्या नाक्यावर थांबून उसाचा रस पाजला. तीन आठवड्यांनी "मनू" म्हणाले. फेलोशिप गेली तरी चालेल, पेपर गेला तरी चालेल. राई वाचली. मी वाचवली! हे इथे लिहायला काय हरकत आहे, इथे कोण वाचतंय.


२९ एप्रिल

सकाळी अक्षदावहिनीचा फोन. आवाज अगदी शांत. "मनूताय, काल आमी बायलमाणसांनी सातेरीची ओटी भरली आणि झऱ्याक पाइप घातलो. बागेतलो काळो पाइप. अठरा जणी होतंव."

केवढ्या जाडीचा, असं विचारलं मी. काय विचारलं मी!

तिने ते ऐकलंच नाही. "देवीक कौल लावलात, पानांची वजनां केलात. आमकां कोणी इचारल्यान?"

मी फोन कानाशी धरून राहिले. तिनेही फोन ठेवला नाही. मागे तिचा हंडा भरत होता, तो आवाज येत होता.